जळीत उसाला कपात लागते, मग जळीत पाचटाला का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ व शेतकी अधिकारी,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : ऊस पट्ट्यातील जमिनीचा सेंद्रिय कर्ब, वाया जाणारे नत्र आणि त्यात कारखान्याने करायची कामे

सप्रेम नमस्कार.

तोडीआधी ऊस पेटला तर कारखाना बिलातून कपात करतो. त्याचे कारण आपणास सांगायला नको. जळालेल्या उसातली साखर तासातासाने फुटते, तिचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचा टक्का) खाली येतो. पण ऊस तुटून गाडीत भरला, गाडी काट्यावर गेली आणि मागे राहिलेले पाचट (उसाचा वाळलेला पाला) त्याच संध्याकाळी पेटवले, तर त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरला होत नाही. पहिल्या आगीत कारखान्याची या वर्षीची साखर जाते, तर दुसऱ्या आगीत त्याच रानातली पुढच्या वीस वर्षांची साखर जाते. हे पत्र या दुसऱ्या आगीबद्दल आहे, आणि तिच्याशी जोडलेल्या युरियाच्या गोणीबद्दलही.

पत्र शेतकऱ्यांना न लिहिता आपणास लिहिण्याचे कारण सरळ आहे. लागणीची तारीख, जात, तोडीची क्रमपाळी, टोळी, उधारीवरचे खत आणि शेवटी बिल, या सगळ्यांची दोरी आपल्या गट ऑफिसात आहे. कृषी खात्याकडे सल्ला असतो, विद्यापीठाकडे ज्ञान असते, पण चिटबॉय (रानोरान फिरणारा आपला कर्मचारी) आणि नोंदवही फक्त आपल्याकडे आहे.

आधी आगीत नेमके काय जाते ते पाहू. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन वाळलेले पाचट निघते. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राच्या शिफारशींत त्याचे पृथक्करण दिलेले असते : नत्र ०.५ टक्के, स्फुरद ०.२ टक्के, पालाश ०.७ ते १ टक्का, सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र आणि तीनेक टन कर्ब. काडी लावली की कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात. “राखेने जमिनीला पालाश मिळतो” असे शेतकरी म्हणतो, त्यात तथ्य आहे, ते हसण्यावारी नेऊ नये. मात्र जानेवारी-फेब्रुवारीचा वारा आणि पहिले पाटपाणी त्यातली बरीच राख बांधापलीकडे नेते, आणि पाचट कुजवले तर तोच पालाश जागच्या जागी मिळतो.

राज्यातला १० लाख हेक्टर ऊस धरला (अलीकडच्या चांगल्या हंगामात क्षेत्र याहून जास्तच असते) आणि हेक्टरी ४० किलो नत्र धरले, तर पाचटातले नत्र ४० हजार टन भरते. युरियाच्या भाषेत ते ८७ हजार टन, म्हणजे ४५ किलोच्या १९ लाखांहून अधिक गोण्या. सगळेच पाचट जळत नाही, हे मान्य. पण जेवढे जळते त्याचा हिशोब याच दराने करावा लागेल.

तरीही, नुसते गोण्यांचे गणित मांडले तर मुख्य गोष्ट निसटते. जमिनीतले नत्र सुटे नसते. त्यातले ९५ टक्क्यांच्या आसपास नत्र सेंद्रिय पदार्थात कर्बाला बांधलेले असते, आणि ह्यूमसमध्ये (कुजून स्थिर झालेल्या सेंद्रिय पदार्थात) दोघांचे प्रमाण साधारण १० ते १२ भाग कर्बाला १ भाग नत्र असे असते. आता हिशोब करा. एक हेक्टरातली वरची १५ सेंटिमीटर माती सुमारे २००० टन भरते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने उतरला तर २ टन कर्ब गेला, आणि त्याच्याबरोबर १७० ते २०० किलो नत्रही गेले. ज्या रानाचा कर्ब वीस-तीस वर्षांत ०.८ वरून ०.५ वर आला, त्या रानाच्या वरच्या थरातून हेक्टरी पाचशे किलोंहून अधिक नत्र निघून गेले आहे. पिकाने त्यातले काही घेतले, उरलेले विहिरीत उतरले किंवा हवेत गेले.

व्याजही घटले. उष्ण हवामानात सेंद्रिय नत्रातले वर्षाला दोन-तीन टक्के मोकळे होते. एक टक्का कर्बाची जमीन पिकाला फुकट ४० किलोच्या आसपास नत्र देते, अर्ध्या टक्क्याची त्याच्या निम्मे. ही तूट शेतकऱ्याच्या लक्षात वेगळ्या रीतीने येते. “पूर्वी दोन पोत्यांवर ऊस यायचा, आता चार टाकली तरी पिवळा” असे तो म्हणतो. मग तो पाचवे टाकतो.

पाचव्या पोत्याचे काय होते ते पाहण्याआधी ही तूट कशाने आली ते थोडक्यात. आडसाली (पावसाळ्यात लावलेला दीड वर्षाचा) ऊस, मग खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारे पीक), दुसरा खोडवा, कुठे तिसराही, आणि मोडला की पुन्हा ऊस. मध्ये द्विदल पीक नाही, ताग-धैंचा नाही. जनावरे कमी झाल्याने शेणखताची गाडी दुर्मीळ झाली. मोडणीच्या वेळी खोल नांगरट आणि तिच्यावर रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्या. रोटाव्हेटर मातीचे दाणे फोडतो, दाण्यांच्या आत झाकलेला कर्ब जिवाणूंसमोर उघडा पडतो आणि जळून जातो, शिवाय १५-२० सेंटिमीटरवर घट्ट थर तयार होतो तो वेगळाच. आणि या सगळ्यावर पाचटाची आग. यातली प्रत्येक गोष्ट एका वर्षात फारसे नुकसान करत नाही, म्हणूनच ती थांबत नाही.

आता पाचवे पोते. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू ८ च्या पुढे. अशा जमिनीवर युरिया फोकून दिला की युरिएज विकर त्याचे अमोनियात रूपांतर करते, आणि विम्लता जास्त असल्याने तो अमोनिया मातीला न चिकटता वायू होऊन उडतो. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच बहुतेक नुकसान होऊन जाते. दुसरी वाट पाण्याची. सरी भरून पाटपाणी दिले की भारी जमिनीत दोन-तीन दिवस हवा राहत नाही. नायट्रेट झालेले नत्र तेव्हा जिवाणू श्वासासाठी वापरतात आणि नायट्रोजन व नायट्रस ऑक्साईड वायू बाहेर पडतात. नायट्रस ऑक्साईड हा तापमानवाढीच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट जड आहे. तिसरी वाट निचऱ्याची : उरलेले नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते. या तीन वाटांमुळे उसाला टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या उपयोगी पडणारा हिस्सा साधारण ३० ते ४० टक्केच राहतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंब लावलेला येतो, त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. अमोनिया उडण्यावर मात्र त्याचा भरवसा धरू नये. तिथे एकच उपाय : युरिया मातीआड करणे.

इथे एक गैरसमज दूर ठेवू. रासायनिक खत बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडमधील रोथमस्टेड संशोधन केंद्राचा ब्रॉडबाल्क हा खतांचा प्रयोग १८४३ पासून चालू आहे. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० मध्ये सुरू झाले, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू पद्धतीचा असा प्रयोग १९८८ पासून आहे. या प्रयोगांचा कल सारखा दिसतो. नुसते नत्र देत राहिलेली जमीन मागे पडते, संतुलित नत्र-स्फुरद-पालाश मिळालेली जमीन बिनखताच्या जमिनीपेक्षा कर्ब जास्त राखते, कारण पीक वाढले की मुळेही वाढतात, आणि संतुलित खताला शेणखताची जोड मिळालेली सर्वांत पुढे राहते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेत १९७६ पासूनच्या पाणलोट प्रयोगात सुधारित पद्धतीच्या काळ्या जमिनीत चोवीस वर्षांनंतर १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत हेक्टरी ४६.८ टन सेंद्रिय कर्ब मिळाला, पारंपरिक पद्धतीत ३९.५ टन. काळ्या जमिनीत कर्ब वाढतच नाही, ही बांधावरची समजूत त्यामुळे टिकत नाही.

आणि उसापुरते बोलायचे तर दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकम्ब येथे १९३९ पासून ऊस जाळणे आणि पाचट राखणे यांची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. उसावरचा जगातला सर्वांत जुना प्रयोग हाच. पाचट राखलेल्या वाफ्यात कर्ब जास्त आहे, पण फरक मुख्यतः वरच्या दहा सेंटिमीटरमध्ये. तीस सेंटिमीटरचा एकत्र नमुना घेणाऱ्या प्रयोगशाळेला तो फरक पातळ होऊन दिसेल, किंवा दिसणारच नाही. मापनाच्या या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

पाचट ठेवायचे ठरवले तरी काम चुकीच्या पद्धतीने झाले की खोडवा पिवळा पडतो, आणि पुढच्या वर्षी तो शेतकरी तर जाळतोच, शेजारचे चार जणही जाळतात. म्हणून आपल्या शेतकी विभागाने पद्धत बारकाईने सांगितली पाहिजे. “पाचट जाळू नका” असा फलक काट्यावर लावणे म्हणजे काम नव्हे.

तोड झाली की त्याच आठवड्यात बुडख्यांवरचे (तोडीनंतर उरलेल्या खुंटांवरचे) पाचट बाजूला सारून सरीत लोटावे. बुडख्यांवर पाचट राहिले तर थंडीत माती गार राहते आणि फुटवा लांबतो, पाचटाला मिळणाऱ्या शिव्यांपैकी निम्म्या एवढ्यामुळे. मग बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. वर राहिलेल्या डोळ्यांतून येणारे फुटवे कमजोर असतात, जमिनीखालचे डोळे दबून राहतात. छाटल्यावर ०.१ टक्का कार्बेन्डाझिमची फवारणी बुडख्यांवर करावी. एवढे झाल्यावर सरीतल्या पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धन, अशी शिफारस आहे. संवर्धन चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून टाकावे. कोरड्या पाचटावर भर उन्हात भुरभुरले तर जिवाणू मरतात आणि पैसे मात्र जातात.

युरिया का टाकायचा, हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो, आणि चिटबॉयकडे उत्तर नसते. उत्तर असे. ८ टन पाचटात सुमारे ३२०० किलो कर्ब आणि ४० किलो नत्र, म्हणजे प्रमाण ८० ला १. कुजवणारे जिवाणू त्यातला साधारण एक तृतीयांश कर्ब शरीरात बांधतात, दोन तृतीयांश श्वासातून सोडतात. बांधलेल्या हजारेक किलो कर्बासाठी त्यांना १३० किलोंच्या आसपास नत्र लागते. पाचटात ४० आहे, ८० किलो युरियातून ३७ मिळते, उरलेले पन्नास-पंचावन्न ते मातीतून आणि पिकाच्या खतातून उचलतात. नत्राची ही उचल तात्पुरती असते. जिवाणू मेले की ते परत मिळते आणि तोवर उडून जाण्यापासून वाचलेलेही असते. पण ज्या दोन-तीन महिन्यांत उचल चालते, नेमके तेव्हाच खोडवा फुटत असतो. म्हणून पाचट ठेवलेल्या रानात पहिली दोन-तीन वर्षे नत्राची शिफारस कमी करू नये. “पाचटात नत्र आहे, मग खत वाचेल” असे पहिल्याच वर्षी सांगणारा कार्यकर्ता पाचटाचा शत्रूच म्हणायचा.

युरिया पाचटावर टाकला की पाणी त्याच दिवशी गेले पाहिजे. पाचटात युरिएज मातीपेक्षाही जोमाने काम करते, आणि रात्रीच्या दवाने युरिया विरघळून सकाळच्या उन्हात अमोनिया उडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाचट राखलेल्या उसात वरून फोकलेल्या युरियातला तिसरा हिस्सा आणि कधी त्याहून जास्त असा गेल्याचे मोजले गेले आहे. वीज रात्रीची, पाळी आठ दिवसांनी, आणि युरिया आजच टाकून मोकळे, असे आपल्याकडे सर्रास होते. पाळीची खात्री नसेल तर युरिया टाकूच नये, पाळीच्या दिवशी टाकावा.

पाणी सरीतून पुढे सरकत नाही, ही खरी अडचण आहे. पहिल्या पाण्याला पाचट तुडवून दाबावे लागते, किंवा ट्रॅक्टरच्या पाचट कुट्टी यंत्राने त्याचे तुकडे करावे लागतात. तुकडे केले की कुजणेही लवकर होते, आणि आगीची भीतीही कमी होते. पाणी जिरत नसलेल्या भारी रानात एक आड एक सरीत पाचट ठेवावे आणि मोकळ्या सरीतून हलके पाणी द्यावे. ताजे पाचट, भरपूर युरिया आणि तुंबलेले पाणी हे तिन्ही एका सरीत आले तर नायट्रेट वायुरूपाने उडण्याचा वेग उलट वाढतो, कारण जिवाणूंना खाद्य पाचट पुरवते. ठिबक असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

खोडव्याचे मुख्य खत पहारीने द्यावे. शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र-स्फुरद-पालाशाची, दोन समान हप्त्यांत : पहिला तोडीनंतर पंधरा दिवसांच्या आत वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना), दुसरा १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर, १५-२० सेंटिमीटर खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर अंतर, खत टाकून छिद्र बुजवायचे. खत पाचटाखाली आणि मातीआड गेल्याने अमोनियाची वाट बंद होते. यात सरीच्या बगला फोडायची आणि बांधणीची (उसाला माती चढवण्याची) गरज राहत नाही, म्हणजे मशागतीने कर्ब जळणेही वाचते. त्रास एकच, मजुरीचा. एका एकरातल्या छिद्रांची संख्या हजारोंत जाते आणि पहारीवर काम करणारी माणसे मिळत नाहीत. इथे कारखान्याची जागा आहे. ट्रॅक्टरमागची खत पेरून देणारी अवजारे गट ऑफिसने भाड्याने ठेवावीत, आणि ती पाचटात अडकू नयेत म्हणून पुढे कापणारी तबकडी असलेलीच घ्यावीत.

उंदीर वाढतात हे खरे आहे, त्याचा बंदोबस्त शिवाराने मिळून करावा लागतो. आगीचेही तसेच. एकाने ठेवलेले पाचट शेजाऱ्याच्या ठिणगीने पेटते, त्यामुळे कारखान्याने एकेका शेतकऱ्याला गाठण्यापेक्षा पूर्ण शिवाराची तोड आणि पाचटाची कामे एकाच पंधरवड्यात लावावीत. सुरुवातीच्या खोडकिडीला पाचटाच्या आच्छादनाने आळा बसतो, हा त्यातला फायदाही सांगावा.

हार्वेस्टरची तोड वाढते आहे. यंत्र पाचटाचे तुकडे करून पसरून देते, ते चांगले. पण सरी चार-पाच फुटांची नसेल किंवा रान ओले असेल तर चाके बुडख्यांवरून जातात आणि वरचा थर दाबून टाकतात. दाबलेल्या थरात हवा नाही, म्हणजे पुन्हा नत्राची गळती. वाफसा नसताना यंत्र रानात घालायला भाग पाडणारी चिठ्ठी आपलीच असते, एवढे ध्यानात असावे.

आता थोडे आपल्या आवारातले. शुद्ध साखरेत कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन याखेरीज काही नसते. हे तिन्ही हवा-पाण्यातून येतात. म्हणजे पोत्यातून जी साखर विकली जाते तिच्यात जमिनीचे नत्र, स्फुरद, पालाश काहीच जात नाही! उसाबरोबर काट्यावर आलेले अन्नद्रव्य प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), मळी, स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) आणि बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख यांत उरते, फक्त बगॅसमधले नत्र बॉयलरमध्ये जाते. कापूस, सोयाबीन विकणाऱ्याला ही सोय नाही. १० लाख टन गाळपाच्या कारखान्यात ३० ते ४० हजार टन प्रेसमड निघतो. तो पूर्वी सभासदांच्या रानात जायचा. आता बायोगॅस प्रकल्पाला चांगला भाव मिळतो. प्रकल्प वाईट नाही. मिथेनमधून कर्बाचा मोठा भाग निघून जातो, पण नत्र डायजेस्टेटमध्ये (गॅस काढून उरलेल्या पातळ गाळात) शिल्लक राहते, तेही बरेचसे अमोनियम रूपात. ते त्याच सभासदांकडे परत गेले पाहिजे, आणि परत देताना टँकरने वरून शिंपडून नव्हे. सामू ८ च्या जमिनीवर शिंपडलेल्या डायजेस्टेटचा वास दूरवर येतो तो त्या नत्राचाच. सरीत सोडून लगेच माती ओढावी. प्रेसमड थेट द्यायचा असेल तर आधी ४५ ते ६० दिवस कुजवूनच. ताजा टाकला तर तो रानातच तापतो आणि कोंब भाजतात.

पाचटाच्या गाठी बांधून को-जनसाठी (कारखान्यातल्या वीजनिर्मितीसाठी) नेण्याचे करारही आता होत आहेत. टनामागे मिळणारे पैसे शेतकऱ्याला दिसतात, पण प्रत्येक टनाबरोबर ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ७ ते १० किलो पालाश आणि ३२० ते ४०० किलो कर्ब जातो, हे करारपत्रात लिहिलेले नसते. आमचे मत स्पष्ट आहे : निम्म्याहून अधिक पाचट कोणत्याही रानातून उचलू नये, आणि ज्या रानाचा कर्ब ०.४ टक्क्याच्या खाली आहे तिथून मुळीच नको.

मोजणीबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. आठ टन पाचटातल्या कर्बापैकी टिकाऊ रूपात साधारण १५ टक्के, म्हणजे अर्धा टन उरतो. जमिनीतला जुना कर्ब दरवर्षी थोडा झिजतो तो वजा करा. निव्वळ वाढ वर्षाला ०.०१५ ते ०.०२ टक्के. प्रयोगशाळेची स्वतःची चूक याहून मोठी असते. त्यामुळे यंदा पाचट ठेवले आणि पुढच्या वर्षीच्या मृद आरोग्य पत्रिकेत कर्ब ०.४५ चा ०.५३ झाला, तर तो पाचटाचा पराक्रम नाही, नमुन्याचा किंवा बाटलीचा फेर आहे. तसाच तो ०.३९ झाला तरी घाबरायचे कारण नाही. चार-पाच वर्षांनी, त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने मोजले तरच काही कळते.

नमुना ०-१० आणि १०-३० सेंटिमीटर असा वेगळा घ्यावा. उसात पाचटाच्या सरीतून न घेता वरंब्याच्या बाजूने, खत देण्याआधी. पाचटाचे दिसणारे तुकडे वेचून काढावेत, नाहीतर आपण कर्ब न मोजता पाचटच मोजतो. वॉकले-ब्लॅक या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रासायनिक पद्धतीने चुनखडी मोजली जात नाही, ही आपल्या जमिनीसाठी सोयीची गोष्ट. पण क्षारपड रानात क्लोराईडमुळे आकडा फुगतो, आणि वारणा-कृष्णा काठच्या नमुन्यांत हे तपासायलाच हवे. उलट, नव्या यंत्रांवर माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या प्रयोगशाळेने चुनखडीचा कर्ब वेगळा काढला नाही तर काळ्या जमिनीचा कर्ब एकदम भरघोस दिसतो. कार्बन क्रेडिटचा प्रस्ताव घेऊन कोणी आले तर पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न मातीच्या घनतेचा : पाचटाने माती भुसभुशीत होते, मग त्याच खोलीत माती कमी भरते, आणि टक्का वाढला तरी हेक्टरी टन तेवढेच राहू शकतात. ठरावीक आकाराच्या नळीने नमुना घेऊन वजन केल्याशिवाय टनांचा आकडा मान्य करू नये.

म्हणून आपल्याकडे मागण्या अशा.

ऊस नोंदीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा : मागच्या तोडीचे पाचट जाळले, ठेवले की विकले. चिटबॉय पुढच्या पंधरवड्यात रानात जातोच, त्याने मोबाईलवर एक फोटो जोडावा. पाचट ठेवणाऱ्या खोडव्याला क्रमपाळीत प्राधान्य द्या. १५ फेब्रुवारीच्या आत तुटलेला ऊस खोडव्याला चांगला, तेव्हा या प्राधान्याला पैशांपेक्षा जास्त किंमत आहे. सुरुवातीची तीन वर्षे जाळणाऱ्यावर कपात लावू नये असे आम्हाला वाटते. यंत्रे, संवर्धन आणि पाण्याच्या पाळीची सोय न करता दंड लावला तर रकान्यात खोटे भरले जाईल, एवढेच होईल. चौथ्या वर्षापासून मात्र जळीत उसासारखीच जळीत पाचटालाही कपात असावी.

खोडवा मोडून पुन्हा लगेच ऊस नोंदवणाऱ्यापेक्षा मध्ये सोयाबीन किंवा हिरवळीचे पीक घेणाऱ्याची नोंद आधी घ्या. आडसालीपूर्वी मे-जूनमध्ये ताग हेक्टरी ५० ते ६० किलो बियाण्याने पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुलावर येताच गाडता येतो. फुले येऊन गेली की खोड कठीण होते आणि मग तोही पाचटासारखाच नत्र उचलू लागतो. बियाणे वेळेवर मिळत नाही, ही तक्रार दरवर्षीची आहे. ते आपल्या खत-बियाणे विभागाने मार्चमध्येच बांधून ठेवावे.

आणि प्रत्येक गट ऑफिसच्या हद्दीत एक कायमचे प्रयोगक्षेत्र. तीन प्रकार : पाचट जाळणे, पाचट ठेवून पूर्ण शिफारशीचे नत्र, पाचट ठेवून चौथ्या वर्षापासून नत्र पाव हिस्सा कमी. प्रत्येक प्रकाराचे चार वाफे, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवलेले, कारण बांधाकडचे रान आणि मधले रान सारखे नसते. वाफा किमान दहा सऱ्यांचा, वीस मीटर लांबीचा. वजन आणि नमुने फक्त मधल्या चार सऱ्यांतून. कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, म्हणजे संचालक मंडळ बदलले, जमीनमालकाच्या घरात वाटण्या झाल्या तरी जागा सापडेल. दर वेळच्या मातीचा अर्धा किलो वाळवून, बाटलीत बंद करून, तारीख घालून ठेवायचा. रोथमस्टेडला दीड शतकापूर्वीची माती आजही कपाटात आहे आणि नवी पद्धत आली की ती पुन्हा तपासली जाते. तिथेच हूसफिल्डच्या बार्ली प्रयोगात १८५२ ते १८७१ अशी वीसच वर्षे शेणखत मिळालेल्या वाफ्यात त्याचा माग शंभर वर्षांनंतरही दिसत होता. तो दिसला, कारण कोणीतरी खांब हलवले नव्हते आणि बाटल्या फेकल्या नव्हत्या.

या क्षेत्रांचा आराखडा, नमुन्यांचे वेळापत्रक आणि चिटबॉयसाठी एका पानाची कामाची यादी करून द्यायला आम्ही तयार आहोत, त्याचे शुल्क नाही. विषय येत्या गाळपापूर्वीच्या संचालक मंडळाच्या बैठकीत घ्यावा. मातीचा पहिला नमुना पहिल्या तोडीच्या आधी निघायला हवा, कारण सुरुवातीचा आकडा नंतर कोणत्याही पद्धतीने काढता येत नाही.

कळावे,

आपले,
ऊस पट्ट्यात माती आणि खतांवर काम करणारे काही जण